भेंडीला नोटीस

आमच्या वालीवच्या कारखान्यातले कामगार अधिकारी प्रत्येक वाक्याला ‘कायद्याने’ चिकटवायचे. “कायद्याने चहाची वेळ झाली,” म्हणत स्वतःच कप पुढे करायचे. पॅकिंगमधली माणसं कमी केली, तेव्हा शेवटी कामाला लागलेल्या आम्ही बायका आधी गेलो. तोही कायदाच. महिन्याची नोटीस हातात देताना साहेबांची जीभ अडखळली. “ताई, तुमचं काही चुकलं नाही हो. पुन्हा भरती निघाली, तर कायद्याने आधी तुम्हालाच विचारणार.”

मला वाटलं, तोंडदेखलं बोलतायत. मी होळीला आमच्या वाडीत भेंडी लावली.

परवा बांधावरून आरोळी आली, “ताई, नवीन मशीन आलं, भरती निघाली! कायद्याने पहिली हाक तुम्हाला!” बघते तर साहेब बुटांसकट पाटाच्या पाण्यात नाचतायत! मलाही हसू आवरेना. हातातली टोपली उडवत म्हटलं, “येते की साहेब! पण कायद्याने या भेंडीला महिन्याची नोटीस द्यायला हवी.”

साहेब नाचायचे थांबले. “रास्त आहे,” म्हणाले. मग भेंडीकडे वळून त्यांनी हात जोडले आणि तसेच अडखळत म्हणाले, “ताई, तुमचं काही चुकलं नाही हो.”