आतली कडी

मिस्त्रीने उभं आयुष्य खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं करण्यात घालवलं. गल्लीतल्या निम्म्या घरांना त्याचंच लोखंड होतं, आणि एकही जाळी कुणा चोराला वाकवता आली नव्हती. हात थकले तसा कारखाना पुतण्याच्या हवाली करून तो घरी बसला. त्याच सुमारास बायकोने रस्त्यावरचं एक पिल्लू उचलून आणलं. ती त्याला सोन्या म्हणायची, मिस्त्री उच्छाद म्हणायचा. पिल्लू बघता बघता वासराएवढं झालं आणि दोन्ही नावं खरी ठरली.

बायको घरात होती तोवर कुत्रा तिच्या पायांशी लोळायचा. मग ती जिन्यावरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. मिस्त्री तिला भेटायला निघाला की मागे कुत्रा एकटा. त्याने पट्टा कुरतडून गादी फाडली. मोरीत कोंडला तर दार खालून चावून चावून डोकं जाईल एवढं भोक पाडलं.

घर भाड्याचं होतं. घरमालकीण वरून खाली आली, दार पाहिलं.

"मिस्त्री, तुमच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आणखी एकदा असं झालं तर हा इथे राहायचा नाही. सोय तुम्हीच बघा."

तिकडे बायको रोज आधी तेच विचारायची. "सोन्या काय करतो हो?"

"झोपून असतो."

"तो? झोपून? बरं नाही का त्याला?"

मिस्त्री मान खाली घालून संत्रं सोलत राहिला. तिच्याकडून व्यायाम करून घेणारी बाई त्याला बाहेर म्हणाली होती, "काका, दुखतं म्हणून आजी पाय उचलत नाहीत. सोन्याचं नाव काढलं की मात्र चार पावलं टाकतात." म्हणजे कुत्रा गेला की चालणंही गेलं. हे काही तिला सांगण्यासारखं नव्हतं.

तो थेट कारखान्यात गेला आणि पिंजरा करायला घेतला. जाड अँगलची चौकट, तळाला पत्रा, सळ्यांमधली फट दोन बोटांची, म्हणजे जबडा अडकायला नको. प्रत्येक जोड ग्राइंडरने घासला, वर अंगठा फिरवून पाहिला, अंगठ्याला टोचलं की पुन्हा घासला. पुतण्या बघत होता.

"काका, कुत्रा ठेवायचाय की वाघ?"

"तू तुझं काम कर."

पिंजरा घरी आला. मिस्त्रीने कुत्र्याला आत ढकललं, सळ्यांतून दोन बोटं घालून कडी सरकवली आणि दवाखाना गाठला. परत येऊन पाहतो तर एकही जोड सुटलेला नाही, एकही सळई वाकलेली नाही, दार सताड उघडं, आणि उच्छाद पलंगावर बायकोच्या उशीचा कापूस पांघरून झोपलेला. नशीब, त्या दिवशी मालकीण बाहेर गेली होती.

पुतण्याने पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली आणि खाली बसून हसायलाच लागला.

"काका, कडी आतून लावलीत."

मिस्त्रीने पाहिलं. खरंच आतून होती. जन्मभर कड्या आतून लावल्या, कारण चोर बाहेर असतो. हात सवयीने चालला. कुत्र्याला नुसतं नाक सरकवायचं होतं.

"काकूला सांगू नकोस," एवढंच तो म्हणाला.

कडी बाहेर आली, वर एक खिट्टीही बसली. दुसऱ्या दिवशी पिंजरा हरला नाही. पण मिस्त्री परतला तेव्हा सळईवर रक्त होतं. कुत्र्याने हिरड्या सोलून घेतल्या होत्या आणि कोपऱ्यात उभा राहून तो थरथरत होता. मिस्त्रीने दार उघडलं आणि तिथेच फरशीवर बसला. माल पक्का होता. काम चुकलं होतं.

नव्या कारागिराच्या हातात त्याने पहिल्या दिवशी कधी वेल्डिंग दिलं नव्हतं. आधी नुसतं जवळ बसवायचा. इथे मात्र मुक्या जनावराला एका धक्क्यात कोंडलं होतं.

मग घाई सोडली. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पुतण्या कुत्र्यापाशी बसायचा, तेवढ्यात मिस्त्री दवाखान्यात जाऊन यायचा. एरवी पिंजऱ्याचं दार उघडं. कुत्र्याचं ताट आत, पाणी आत, चघळायचं हाड आत. सकाळी जीभ लोंबेपर्यंत त्याला मैदानात पळवायचा. गुडघे कुरकुरायचे, तरी पळवायचा. दार लावून क्षणभर स्वयंपाकघरात जायचा, मग अंगणात, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. एकदा त्याने स्वतःचं डोकं आणि खांदे पिंजऱ्यात घालून पाहिले, आतून कसं दिसतं म्हणून. उच्छाद आला आणि त्याच्या पाठीवर हनुवटी टेकून झोपला. तासभर मिस्त्रीला उठता येईना. त्यानेही फार खटपट केली नाही.

शेवटी एका दुपारी तो कुत्र्याला आत ठेवून दवाखान्यात जाऊन आला. घरमालकीण जिन्यात उभी होती.

"आज काहीच आवाज नाही. जिवंत आहे ना?"

"झोपून आहे," मिस्त्री म्हणाला. ह्या खेपेला ते खरं होतं.

बायको वॉकर धरून घरी आली. एवढ्या वजनाने अंगावर उडी घेतली असती तर जुळत आलेलं हाड पुन्हा मोडलं असतं, म्हणून उच्छाद आत, खिट्टी लावलेली. तो शेपटीने पत्रा बडवत होता. ती खुर्ची ओढून पिंजऱ्याशी बसली. फटीतून तिची दोनच बोटं आत गेली. तेवढीच तो चाटत राहिला.

"फटी एवढ्या बारीक कशाला ठेवल्यात?"

"जबडा अडकतो."

"आणि माझा हात?"

 दुसऱ्या दिवशी मिस्त्री कुत्र्याला घेऊन अंगणात गेला, त्याला पुतण्याच्या हाती दिलं, घरात येऊन खुर्चीच्या हाताच्या उंचीवर दोन सळ्या कापल्या आणि तिथे एक छोटी झडप बसवायला घेतली. कडा घासल्या, अंगठा फिरवला. मग बायकोचा हात हातात घेऊन मनगटाचं माप पाहिलं. माप घेऊन झालं तरी सोडला नाही.

"अहो," ती म्हणाली, "ह्या झडपेची कडी कुठल्या बाजूला लावणार?"

मिस्त्रीने अंगणाकडे पाहिलं. पुतण्या कुत्र्याच्या पट्ट्याशी उगाच खुडबुड करत होता.

"बाहेरून," मिस्त्री म्हणाला.