पराभवाचा खरा धनी

सबनीस काका बेसबॉलच्या मॅचला जाताना फूटपट्टी घेऊन जायचे. बाकीचे लोक टोपी घालून, हातात हॉट डॉग घेऊन यायचे. काकांच्या पिशवीत एक मोठी वही, दोन टोकदार पेन्सिली, खोडरबर आणि लेकीची, मीराची, शाळेतली फूटपट्टी. मॅच सुरू होण्याआधी ते मांडीवर वही ठेवून रेघा आखत बसायचे. स्कोअर लिहिणारे सगळे आखतात तेवढे रकाने झाले, की उजव्या कडेला आणखी एक आखायचे आणि त्याच्या डोक्यावर मराठीत लिहायचे, ‘खरा धनी’.

हा रकाना समजायला बेसबॉलची एक रीत माहीत हवी. क्रिकेटमध्ये हरते ती टीम. बेसबॉलमध्ये टीम हरतेच, शिवाय तो पराभव एका पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, नावावर चढतो आणि जन्मभर तिथेच राहतो. मागे कुणी झेल सोडला, कुणी पळायचा कंटाळा केला, तरी पराभव पिचरचा. काकांना हे सहन होत नसे. “रेकॉर्ड खोटं नसतं रे,” ते म्हणायचे, “अर्धवट असतं. उरलेलं अर्धं आपण लिहायचं.” मग त्या कडेच्या रकान्यात पराभवाच्या खऱ्या धन्याचं नाव यायचं. कधी झेल सोडणारा, कधी अंपायर, एकदा तर नुसतं ‘पाऊस’.

मी नागपूरहून अमेरिकेत, अटलांटाजवळच्या अल्फारेटाला आलो तेव्हा ते माझे टीम लीड होते. पुण्याचे, पन्नाशीचे, अमेरिकेत वीस वर्षं मुरलेले. ऑफिसात सगळेच एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारत, त्यामुळे मलाही त्यांना ‘मनोहर’ म्हणावं लागे. पहिल्या दिवशी माझी जीभ अडखळली, तेव्हा म्हणाले, “म्हण रे बिनधास्त. आत मनोहर असतो, बाहेर काका असतो. दोघांचं आपसात बरं चाललंय.” पहिले सहा महिने मला गाडी येत नव्हती. तेच मला रोज न्यायचे-आणायचे आणि वाटेत बेसबॉल शिकवायचे. नागपूरकराला एवढं सावकाश समजावून सांगणारा पुणेकर मी तोवर पाहिला नव्हता, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलंही होतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत वाद रंगायचा. समोर डेल. हा टेस्टिंग टीममधला, आजोबांपासून अटलांटाच्या टीमचा भक्त. एका सोमवारचा वाद मला अजून शब्दन् शब्द आठवतो. टीम एका रनाने पुढे होती, आठवी इनिंग होती, बावीस वर्षांचा नवखा पिचर थकला होता. टीमच्या मॅनेजरने त्याला बदललं नाही. पुढच्या दोन चेंडूंत मॅच गेली.

“बॉल कुणी टाकला? त्याने. मग लॉस कुणाचा?” डेल आपल्या संथ इंग्रजीत म्हणाला.

काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “याला खरंच कळत नाही, का मुद्दाम करतोय?” मग डेलकडे वळून अदबशीर इंग्रजीत, “पोराचा खांदा उतरलेला मला स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरून दिसत होता. मॅनेजर तर तिथेच बसला होता. काय करत होता तो?”

“सूर्यफुलाच्या बिया खात होता,” डेल म्हणाला. “पण पिचर तो नाहीये.”

“दमलेल्याला दोष देऊ नये. त्याला उभा कुणी ठेवला, ते विचारावं.” हे त्यांनी आधी इंग्रजीत आणि मग माझ्यासाठी मराठीत सांगितलं. वहीत त्या दिवशी ‘मॅनेजर’ लिहिलेलं होतं, खाली दोन रेघा मारून. डेल त्यांना पिचरांचा वकील म्हणायचा. मला वाटायचं, ज्याच्या डोक्यावर असा माणूस आहे त्याने परदेशात घाबरायचं कशाला?

मग दोन हजार पाचचा उन्हाळा आला. एका क्लायंटचा जुना डेटा नव्या सिस्टिमवर न्यायचा होता. कोड माझा होता. बारा दिवस मी सुट्टी घेतली नव्हती आणि डोळ्यांपुढे अक्षरं हलायला लागली होती. शुक्रवारी संध्याकाळी पार्किंग लॉटमध्ये मी म्हणालो, “काका, अर्धाच डेटा टेस्ट झालाय. रिलीज एक आठवडा पुढे ढकलूया का?”

काकांनी पिशवी गाडीच्या बॉनेटवर ठेवली. वरिष्ठांना त्यांनी ही तारीख कबूल केली होती. “टाक तू,” ते म्हणाले. “काही झालं तर मी आहे ना.”

दुसरा कुणी असता तर त्याने जागेवर जाऊन दोन ओळींची ईमेल टाकली असती, की आपल्या बोलण्यानुसार उद्या रिलीज करतोय. पण हे मनोहर बोलला नव्हता, काका बोलले होते, मराठीत, गाडीपाशी उभे राहून. ज्यांच्या घरी गणपतीला आपण मोदक वळले, त्यांच्याकडे लेखी कोण मागतं? ईमेलची आठवण मला झाली नव्हती असं नाही. झाली होती, आणि माझी मलाच लाज वाटली होती.

सोमवारी क्लायंटची सिस्टिम बंद पडली ती दोन दिवस. बुधवारी मीटिंग झाली. डायरेक्टरने शांतपणे विचारलं, की टेस्टिंग अर्धवट असताना हा कोड गेला कसा. मी काकांकडे पाहिलं. ते पेन्सिलीचं टोक पाहत होते.

“इट वॉज हिज चेक-इन,” ते म्हणाले. कोड त्याने चढवला.

वाक्य शंभर टक्के खरं होतं. मी त्याच्या पुढच्या वाक्याची वाट पाहिली. ते येईना, तेव्हा म्हणालो, मी मनोहरला शुक्रवारीच सांगितलं होतं. डायरेक्टरने त्यांच्याकडे पाहिलं.

“देअर इज नथिंग इन रायटिंग,” काका म्हणाले. लेखी काही नाही.

त्या पावसाळी दुपारी जे तुटलं, ते आजही जुळलेलं नाही. शिव्या दिल्या असत्या, माझं काम भिकार आहे असं सांगितलं असतं, तरी चाललं असतं. त्यांनी फक्त रेकॉर्ड सांगितलं. त्या महिन्यात कंपनीतर्फे जाणारी माझी ग्रीन कार्डची फाइल थांबली. व्हिसाचं दीड वर्ष उरलं होतं आणि बायकोला सातवा महिना होता. धावपळ करून मी दुसऱ्या राज्यात, हर्नडनला, नोकरी धरली आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं.

निघायच्या आदल्या दिवशी ते आमच्या अपार्टमेंटखाली आले. वर आले नाहीत. “तुझं वय आहे रे, तू उभा राहशील,” म्हणाले. “मला या वयात कोण घेणार? मीराचं कॉलेज आहे अजून.”

“काका,” मी विचारलं, “त्या दिवशी आत मनोहर बोलला, की तुम्ही?”

ते किल्लीने गाडीचं दार उघडून आत बसले. मग गेले.

दोन हजार आठमध्ये डेलचा फोन आला, मनोहर गेला म्हणून. हार्ट अटॅक. जायचं नाही असं ठरवलं आणि तिकीट काढलं. काकू दारातच माझा हात धरून रडल्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मी हर्नडनला चांगली संधी मिळाली म्हणून गेलो, एवढंच काकांनी घरी सांगितलं होतं.

वह्या दिवाणखान्यातल्या शेल्फवर वर्षवार लावलेल्या होत्या. मी पाहू का विचारलं. “बघ की, तुम्हा दोघांचंच ते वेड,” काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. मी दोन हजार पाचची वही काढली. सांत्वनाला आलेला माणूस पुरावा शोधत होता, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मीटिंगच्या त्या बुधवारी संध्याकाळी ते मॅचला गेले होते. अक्षर नेहमीसारखंच नीट. टीम हरली होती, पराभव पिचरच्या नावावर. कडेचा रकाना आखलेला होता, वर ‘खरा धनी’ लिहिलेलं होतं, खाली कोरं. पुढचं पान उलटलं, तेही तसंच. मग पुढच्या सालांच्या वह्या. दर पानावर फूटपट्टीने सरळ आखलेला रकाना, आणि आत काही नाही.

“बाबांनी आर्ग्यू करणंच सोडलं, यू नो,” मीरा मागून म्हणाली. “डेलशी पण नाही. जस्ट स्कोअर लिहायचे.”

तीन वर्षं मला वाटत होतं, की निदान इथे त्यांनी लिहिलं असेल. पेन्सिलीने, मराठीत, जिथे कुठल्या डायरेक्टरला ते वाचता येणार नाही. त्यांनी माफी मागायला नको होती. त्यांचं नाव हवं होतं, त्या रकान्यात, त्यांच्याच अक्षरात. तेवढंही त्यांना जमलं नाही.

काकू चहा घेऊन आल्या. “सापडलं का रे काही?”

मी वही मिटून जागेवर ठेवली. “नाही काकू,” म्हणालो, “सगळं बरोबर लिहिलंय.”

तेही खोटं नव्हतं.