रात्रपाळीच्या माणसाला उठवायचं नाही

भोसरीतल्या आमच्या चाळीत एक नियम होता: रात्रपाळी करून आलेल्या माणसाला उठवायचं नाही. दुपारी पोरांना बाहेर पिटाळायचं, मिरची कुटायची नाही, रेडिओ लावायचा नाही. हा नियम मी मोडला, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

आमचे हे कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर होते, कायम रात्रपाळीला. घोरायचे असे की शेजारच्या खोलीतली भांडी वाजावीत. चाळीला त्याचं कौतुक. "कष्टाची झोप आहे, वहिनी," म्हणायचे सगळे. डोंबलाची कष्टाची झोप! मी भरदिवसा शेजारी बसून पाहिलं होतं. घोरता घोरता आवाज एकदम बंद. छाती धडपडायची, पण नाकातोंडातून वारा नाही. ओठ काळेनिळे. मग बुडता माणूस वर यावा तसा मोठा हिसका, आणि पुन्हा घोरणं सुरू.

एवढं झोपूनही उठायचे ते डोकं धरूनच. जेवताना घास हातात तसाच, मान खाली. प्रेसवर अशी डुलकी लागली असती तर पंजाच गेला असता. फोरमनने तर ठरवूनच टाकलं, हा पिऊन येतो. ज्या माणसानं आयुष्यात थेंबाला हात लावला नाही! मी डबा घेऊन गेटवर गेले आणि सगळ्यांदेखत ऐकवलं, "साहेब, आधी तोंडाचा वास घ्या, मग बोला."

डॉक्टरांनी ब्लड प्रेशरच्या गोळ्या दिल्या आणि भरपूर झोपा म्हणाले. झोपेतच श्वास बंद पडतो, असं मी सांगितलं तर हसले. आज त्या दुखण्याला नाव आहे, मशीन आहे. तेव्हा फक्त माझा हात होता.

मग मी तोच वापरला. श्वास अडकला की हलवायचं, कुशीवर वळवायचं. हे चिडायचे, "अगं, जीव घेतेस का माझा?" सासूबाई म्हणायच्या, "कसली बाई हाय, नवऱ्याची झोप बघवत न्हाई हिला." मी म्हणायचे, नाही बघवत. काय करायचं ते करा.

एका दुपारी मी रॉकेलच्या रांगेत अडकले. घरी आले तर सासूबाई दारात बसलेल्या, ओठांवर बोट. "हळू ये. आज कसा गप झोपलाय, घोरला बी न्हाई." भाबडी माऊली, तिनं पोरांनासुद्धा अंगणातून हाकललं होतं.

हातातला कॅन टाकून मी आत धावले. हलवलं, वळवलं, गालावर मारलं, ओरडले. सगळी चाळ गोळा झाली.

"भाग्यवान माणूस, झोपेत गेला," कुणीतरी म्हणालं. मी तिथल्या तिथे फाडकन बोलले, "भाग्य कसलं? श्वास कोंडून गेला माझा माणूस, आणि तुम्ही सगळे त्याची झोप राखत बसलात!"

आजही माझ्यासमोर कुणी घोरता घोरता थांबलं, की मी दंडाला धरून हलवते. शिव्या खाते. पण उठवते.