ड्रम सरळ ठेवावेत

मसाट औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या पॉलिमर कारखान्यात दर मंगळवारी डासांच्या अळ्या शोधायला आरोग्य खात्याच्या एक बाई यायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. मागच्या आवारातल्या रिकाम्या ड्रममधलं पाणी त्या पांढऱ्या वाटीत घ्यायच्या, वळवळणाऱ्या अळ्या आमच्या नाकासमोर धरायच्या आणि एकेक ड्रम पालथा करून जायच्या. बुधवारी आमची माणसं ते पुन्हा सरळ करायची, कारण ऑडिटवाल्यांना लेबलं उलटी चालत नाहीत.

एकदा मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "ताई, आता प्रयोगशाळेत असं पॉलिमर बनवतायत, जे डेंग्यूच्या विषाणूला चिकटतं आणि त्याला पेशीत शिरूच देत नाही."

त्यांनी वाटी माझ्या बुटांशी रिकामी केली.

"बनवा की साहेब, कोण नको म्हणतंय? पण मी पालथे केलेले ड्रम सरळ कोण करतं? लेबलं काय मच्छर वाचतात? मागच्या चाळीत तुमचेच कामगार तापानं फणफणलेत!"

माझं डोकंच फिरलं. तरातरा स्टोअरमध्ये गेलो आणि ओरडलो, "ड्रम सरळ ठेवायची अक्कल कोणाची?"

स्टोअरकीपरनं भिंतीवरच्या सूचनेकडे बोट दाखवलं. खाली माझीच सही होती.

मागच्या आवारात बाई एकट्याच ड्रम पालथे करत होत्या. प्रत्येक ड्रमचा आवाज मला स्टोअरमध्ये ऐकू येत होता.