पंचमीच्या फेरात हैद्राबादीण

सासूवर गाणं रचायचं आणि ते सासूच्याच गावात, सासूच्याच लेकीचा हात धरून, सासू समोर पायरीवर बसलेली असताना म्हणायचं, एवढा शहाणपणा मी सतराव्या वर्षी करून बसले. आता त्या पोरीची आठवण आली की तिच्या दोन कानशिलात द्याव्या वाटतात. मग जरा वेळानं तिला जवळ घ्यावं असंही वाटतं. पण आधी कानशिलात.

तिची कैफियत अशी. वडील मूळचे अंबडकडचे, नोकरीपायी हैद्राबादेत गेलेले, सरकारी कचेरीत कारकून. आमचं बिऱ्हाड सुलतानबाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. गल्लीच्या तोंडाशी विजेचा दिवा होता आणि तो मध्यरात्र उलटली तरी जळायचा. पुढे सासरी, तीर्थपुरीच्या बायकांना मी हैद्राबादच्या रात्री अशा काही रंगवून सांगायची, की ऐकणारीला वाटावं ही रोज इराण्याच्या हॉटेलात चहा पिऊन, बोलपट बघून, कव्वाली ऐकून मगच झोपत होती. इराण्याचं हॉटेल मी टांग्याच्या पडद्याच्या फटीतून पाहिलं होतं. बोलपट एकच पाहिला, बायकांच्या बाजूला बसून, आणि त्याचा उत्तरार्ध आईच्या मांडीवर झोपून काढला. कव्वाली शेजारच्या भिंतीवरून आपोआप यायची. शेजारच्या खाला ती ऐकताना मान हलवून "वाह" म्हणायच्या, तेवढं मात्र मी उचललं होतं. बरं गाणं कोणतं आणि वाईट कोणतं हे आपल्याला कळतं, असा माझा पक्का समज होता.

लग्न ठरवताना मुलगा जालन्याचा असं सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. मुलगा जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडतीच्या दुकानावर मुनीम होता. फक्त बायकोला मोंढ्यातल्या खोलीत ठेवायची पद्धत नव्हती. जालन्याला आगगाडीतून उतरले, तशीच बैलगाडीत बसवली, आणि तीर्थपुरीत दारात माप ओलांडलं तेव्हा बैलांइतकीच मी धुळीनं भरलेली होते. नवरा पंधरवड्यातून एकदा यायचा, दोन रात्री राहायचा आणि दुकानाच्या गोष्टी सांगता सांगता झोपी जायचा. घरात उरलो मी आणि सासू. आत्याबाई म्हणायची मी त्यांना. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. कपाळ मोकळं, अंगावर जुनेर, आणि तोंडातून शब्द फक्त कामापुरता.

दिवेलागणीला जेवणं आटोपायची. मी अजून पाट उचलते न उचलते तोच आतून आवाज यायचा, "दिवा बारीक कर, बाई. तेल जळून राह्यलंय." दिवा बारीक झाला की गाव संपलं. मारुतीच्या देवळात भजन असायचं, पण ते पुरुषांचं. मी ते चुलीपाशी बसून ऐकायची आणि मनातल्या मनात नापास करायची: ताल घाईचा, बुवा नाकात गातो. मोहरमात पिरांच्या सवाऱ्या निघाल्या, अर्धं गाव नाचलं, तेव्हा ढोल ऐकून मला हैद्राबाद आठवलं आणि मी दाराआडून जोरात "वाह" म्हणाले. दुसऱ्या दिवशी गल्लीत चर्चा, की मुनिमाच्या बायकोला रात्री काही चावलं काय. तेव्हापासून माझं नाव हैद्राबादीण पडलं. माझं बोलणं अर्धं उर्दू, त्याला बायका हसायच्या, पण हसून झालं की निघून जायच्या. बसत कुणी नव्हतं. शेवटी मी म्हशीशी बोलायला लागले. ती ऐकून घ्यायची आणि मधे बोलायची नाही. गावात एवढी रीत पाळणारी ती एकटीच होती.

रात्री झोप यायची नाही. आमच्या दोघींच्या अंथरुणांमधे एक कुडाची भिंत होती. पलीकडे आत्याबाई कूस बदलायच्या ते कळायचं, खोकल्या तर कळायचं. एका एकादशीच्या रात्री मला वेगळा आवाज आला. दुरडीवरचं फडकं सरकल्याचा, आणि मग शिळी भाकर मोडल्याचा. कट्ट. मग बराच वेळ हळूहळू चावल्याचा. एकादशीला पाण्याशिवाय काही न घेणारी बाई म्हणून गावात आत्याबाईंचं नाव होतं. पुढच्या एकादशीलाही तोच आवाज आला. मी तोंडात पदर कोंबून हसले. सासरी आल्यापासून मला मिळालेली पहिली गंमत ती. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून म्हशीला सांगितली.

मग श्रावण आला. पंचमीला लेकी माहेरी येतात. रोज कुणाच्या ना कुणाच्या दारी गाडी सुटायची, भाऊ बहिणीचं गाठोडं उतरवायचा. माझी पहिली पंचमी, पण वडिलांना रजा मिळाली नाही, भाऊ लहान, आणि एकट्या पोरीनं एवढा प्रवास करायचा नाही. निरोप आला तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "मंग हितंच कर पंचमी." त्यात चीडही नव्हती आणि मायाही. माझी नणंद मात्र आली. वन्सं माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या, हसऱ्या, तोंडानं फटकळ. येता येताच म्हणाल्या, वैनी, रातीला फेर धरायला जायचं, घरात बसून काय अंडी उबवायचीत?

आमचं घर आणि महादेवाचं देऊळ यांच्यामधे मोकळी जागा होती. जेवणं झाली की तिथं कंदील टांगायचे आणि बायका गोल धरायच्या. एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी तीच ओळ उचलून फिरायचं. पावसाची भुरभूर असली तरी थांबायचं नाही, पायांखालची माती चिखल होऊन चपचप वाजायची. पुरुष तिकडे फिरकत नसत. वर्षभर दिवा बारीक करणारं ते गाव त्या चार-पाच रात्री मोठ्यानं बोलायचं. मी कडेला इतर सुनांबरोबर उभी राहून बघायची. म्हाताऱ्या देवळाच्या पायरीवर बसायच्या, त्यात आत्याबाई. फेरात लेकी सासूची गाणी म्हणायच्या. कुणाच्या सासूचं नाक, कुणाच्या सासूचं पीठ मुठीनं मोजणं, कुणाची सासू नवरा-बायकोच्या मधे पलंग टाकणारी. जितकं वाईट तितका हशा जास्त. पायरीवरच्या म्हाताऱ्याही डोळे पुसून हसायच्या.

मला वाटलं, अरे, हा तर मुशायरा. प्रत्येकीनं आपली चीज आणायची, दाद घ्यायची. दिवसा भाकरी थापताना मी ओळी जुळवायला लागले. मला दाद नको होती असं नाही. पण त्याहून जास्त, त्या गोलात माझा हात कुणीतरी धरावा असं वाटत होतं. श्रावणातल्या त्या चिखलात उभं राहून दुसऱ्यांच्या हातांकडे बघणं फार वाईट. सुना कडेला का उभ्या आहेत, त्या टाळ्या का वाजवतात आणि गात का नाहीत, हा प्रश्न त्या हुशार पोरीला पडला नाही. तिला वाटलं, या खेड्यातल्या, यांना येत नसेल.

पंचमीच्या आदल्या रात्री वन्संनीच मला ओढलं. "कडेनं काय पाहून राह्यल्या वैनी, या की आत. हैद्राबादचं म्हणा कायतरी." एका हातात वन्संचा हात, दुसऱ्या हातात एका अनोळखी पोरीचा, दोन्ही ओले आणि गरम. हैद्राबादचं काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. आईनं शिकवलेली आरती म्हटली असती तरी चाललं असतं. मी गळा मोकळा केला आणि म्हटलं:

एकादशी घरात बाई, सासू माझी उपाशी,
आंधारात भाकर मोडी, सांगू नका कुणापाशी.

फेराची सवय अशी, की ओळ आली की उचलायची, मग विचार करायचा. वीस-पंचवीस बायकांनी ती ओळ एका सुरात उचलली. "सांगू नका कुणापाशी" हे इतक्या जोरात झालं की देवळातली घंटा हलली असेल. एक फेरा पुरा झाला. हशा फुटला. आणि मग हशा ज्या बाजूनं सुरू झाला त्याच बाजूनं विझत गेला. पायरीवरच्या म्हाताऱ्या समोर बघत नव्हत्या, शेजारी बघत होत्या. आत्याबाई उठल्या, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि घराकडे गेल्या. चिखलात त्यांचा पाय एकदा घसरला, पण कुणी धरलं नाही आणि त्या पडल्या नाहीत.

वन्संनी माझा हात सोडला. त्यांना ओरडता आलं असतं, पण त्या अगदी हळू बोलल्या.

"वैनी, मी माह्या सासूवर म्हणते. ती बसलीय तिच्या गावात, तिला काय ऐकू येतंय? तुमची तर हितं बसली व्हती. आन ती माही माय हाय."

रीत एवढीच होती आणि ती गावातल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक होती. माहेरी आलेल्या लेकीला ती मोकळीक. ज्या गावची सून, त्या गावात तोंड बंद. म्हणून सुना कडेला होत्या.

दुसऱ्या दिवशी पंचमी. वारुळाला दूध, पुरणाची दिंडं, झाडाला झोके. वन्संनी माझ्या हातची दिंडं खाल्ली, पण माझ्याशी बोलल्या नाहीत आणि पुढच्या गाडीनं सासरी गेल्या. माझं गाणं मात्र गेलं नाही. विहिरीवर, पाणंदीत, दळणाच्या जात्यावर ते ऐकू यायला लागलं. चाल सोपी होती ना. एका म्हातारीनं आत्याबाईंना विहिरीवर सगळ्यांदेखत विचारलं, की बाई, या वयात उपास सोसतो का गं तुला? आत्याबाईंनी घागर भरली, उचलली आणि आल्या. त्यानंतर पाण्याला मला पाठवायला लागल्या.

मला वाटलं होतं त्या मारतील, नाहीतर नवऱ्याला सांगून हैद्राबादेत धाडतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्या काहीच बोलल्या नाहीत. "दिवा बारीक कर" हेसुद्धा नाही. मी होऊन बारीक करायची. नवरा येऊन गेला, त्याच्यापर्यंत काही पोचलं होतं की नाही ते मला आजही माहीत नाही. तो दुकानाच्या गोष्टी सांगून झोपला. म्हशीपाशी गेले तर तिच्याशीही बोलवेना.

एकादशी आली. मी न सांगता उपास धरला. आत्याबाईंनी ते बघितलं. रात्री अंथरुणावर पडले आणि कान भिंतीला लावले. फडकं सरकलं नाही. भाकर मोडली नाही. मी बराच वेळ त्या आवाजाची वाट बघत होते. त्या घरात रात्री माझ्यासोबत जागं असणारं दुसरं कुणीतरी आहे, एवढं सांगणारा तो एकच आवाज होता, आणि तो मी गाणं करून उडवून टाकला होता. सकाळी आत्याबाई शेणाची पाटी उचलताना उंबऱ्यावर मटकन बसल्या. मी हात पुढे केला. त्यांनी चौकटीला धरलं आणि उठल्या.

त्याच्या पुढच्या एकादशीलाही रात्र तशीच सुरू झाली. भिंतीपलीकडे कूस बदलल्याचा आवाज, परत बदलल्याचा. झोप तिकडेही नव्हती. माझ्या पोटात आग पडली होती आणि डोक्यात काही शहाणा विचार नव्हता, हे मी कबूल करते. मी उठले. अंधारात चाचपडत चुलीपाशी गेले, दुरडीवरचं फडकं ओढलं, सकाळी शेतावर जाणाऱ्या गड्यासाठी केलेल्या भाकरींतली एक घेतली आणि गुडघ्यावर ठेवून मोडली. मुद्दाम जोरात मोडली. मग चावायला लागले. कोरडी भाकर घशाखाली उतरेना, तरी चावत राहिले. उपास मोडत होते, आणि ते शेजारच्या खोलीत ऐकू जावं म्हणून मोडत होते. अशी पापाची दवंडी पिटणारी बाई त्या गावानं आधी पाहिली नसेल.

 मग पलीकडे पावलं वाजली. आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. चेहरा दिसत नव्हता, नुसती उंची दिसत होती. मला माफी मागायची होती, पण तोंडात भाकर होती आणि ती गिळताही येत नव्हती, काढताही येत नव्हती. तशीच बसले. मग त्या म्हणाल्या:

"तुझा सासरा व्हता तवर मी एक एकादशी केली न्हाई. तो गेला अन् लोकं म्हणले, आता धर. लोकं काय म्हणतील म्हणून धरली. आता त्यांचं म्हणून झालं, गाऊन झालं, फेर धरून नाचून झालं. मंग आता कुणाला भिऊन राह्यचं? सरक जरा तिकडं. आन ठेचा कुठं ठेवलास तेवढं सांग."