सर्वप्रथम आपले मनःपूर्वक आभार

आमच्या गाळ्यात दोन गोष्टींचा ढीग लागतो. एक पुठ्ठ्याच्या कात्रणांचा आणि दुसरा दामले काकांच्या किश्शांचा. कात्रणं दर शनिवारी भंगारवाला उचलतो. किस्से कोणी नेत नाही. ते माझ्याच डोक्यात साठत जातात, आणि मग तुमच्यासारखी ऐकणारी माणसं भेटली की मी ओतून मोकळी होते.

गाळा शहाडला, धंदा मिठाईचे बॉक्स बनवायचा. मालक दामले काका, राहणार डोंबिवली, सत्तरीला टेकलेले. मी सामंत बाई. फोन, मेल, बिलं, चहाची साखर संपली की साखर, सगळं माझ्याकडे. पत्र काका सांगतात, टाइप मी करते. नियम एकच. पहिली ओळ आभाराची, शेवटची ओळ आभाराची, आणि मधल्या जागेत मावलं तर काम.

मी एकदा वैतागून विचारलं, "काका, इतके आभार कशासाठी?"

"अहो बाई, एवढं मोठं जग. त्यात कोणाला तरी बॉक्स हवे होतात आणि त्याला नेमके आपण सापडतो. हे नवल नाही?"

माणूस खरं बोलत होता, त्यामुळे जास्तच राग आला.

तर यंदा याच सवयीपायी आमचा गाळा अर्धा बंद व्हायची वेळ आली होती. घोडबंदर रोडवर आमचे एक मिठाईवाले आहेत. त्यांची दिवाळीची ऑर्डर म्हणजे आमचं निम्मं वर्ष. जुने शेठ काकांची पत्रं म्हणे जपून ठेवायचे. यंदा शेठ घरी बसले आणि त्यांच्या खुर्चीत पुतण्या आला, निहार. त्याचं पहिलंच मेल असं: "यापुढे आभाराचे मेल पाठवू नका. वाचण्यात वेळ जातो. दिवाळीसाठी दुसऱ्या पार्टीकडूनही रेट घेतला आहे. पुढच्या आठवड्यात भेटायला या."

ही ऑर्डर गेली तर आमच्या दोन मशीनपैकी एक बंद, आणि त्या मशीनवरचे पाटील घरी. पाटलांची मुलगी बारावीला.

काकांनी मेल नीट वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "लिहा. सर्वप्रथम, आभार न मानण्याविषयी इतकी स्पष्ट सूचना दिल्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार."

मी कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. भेटीला आठवडा होता, आणि या माणसाला घेऊन मी तिथे जाणार होते. आजवरचे एकेक प्रकार मला आठवायला लागले.

* * *

उदाहरणार्थ, लाइटचा प्रकार.

गेल्या उन्हाळ्यात सकाळी लाइट गेली ती दुपारपर्यंत आलीच नाही. मशीन बंद, पंखे बंद, सगळे घामाघूम. मी म्हटलं, काका, कडक तक्रार करा. काकांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं आणि बबनच्या हाती वीजवाल्यांच्या ऑफिसात धाडलं. बबन म्हणजे आमचा टेम्पोवाला.

तासाभराने तिथल्या साहेबांचाच फोन. आवाज भरून आलेला. "दामले साहेब, इतकी वर्षं नोकरी केली, शिव्यांशिवाय काही ऐकलं नाही. तुमचं पत्र मी सगळ्या स्टाफला वाचून दाखवलं. बोला, तुमचं काही काम होतं का?"

काकांनी फोन स्पीकरवर टाकला होता, आम्ही सगळे भोवती जमलो. पाटलांच्या हनुवटीवरून घामाचा थेंब पडला.

काका म्हणाले, "छे छे, काम कसलं? आभारच मानायचे होते."

फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "एवढा गहिवरला होता हो तो. त्याला लगेच लाइटचं कसं सांगायचं?"

* * *

मग बबनचं प्रकरण.

बबनची एक खोड. माल घेऊन निघाला की वाटेत चांगलंसं झाड बघायचं आणि टेम्पो सावलीत लावून झोपायचं. कल्याणला सकाळी निघालेला माल संध्याकाळी पोचायचा. गिऱ्हाइकं आम्हाला फोन करायची, आम्ही बबनला करायचो, आणि बबनचा फोन टेम्पोच्या डॅशबोर्डवर वाजत राहायचा. शेवटी काकांनीही हात टेकले. म्हणाले, "उद्या त्याला कामावरून काढतो. मीच बोलतो."

दुसऱ्या दिवशी बबनला केबिनमध्ये बोलावलं. केबिन म्हणजे प्लायवूडचा आडोसा, सगळं ऐकू येतं.

"बबन, तू आलास आणि आमची टेम्पोची काळजी मिटली. आजवर गाडीवर एक ओरखडा नाही."

उभ्या गाडीवर ओरखडा येणार कुठून, असं मी बाहेर पाटलांना म्हटलं.

काका थांबेनात. बबनच्या शांत स्वभावाचे आभार. घरून कधीतरी फणस आणला होता त्याचे आभार. मुलाला असं वळण लावल्याबद्दल त्याच्या आईचे आभार. बबन बाहेर आला तो डोळे पुसतच. मला वाटलं, गेला बिचारा.

दुसऱ्या दिवशी बबन वेळेच्या आधी हजर, हातात पेढे. "बाई, काका माझ्याबद्दल काय काय बोलले, मी आईला सांगितलं. ती तर रडायलाच लागली."

काकांनी पेढा खाल्ला. मग मला हळूच आत बोलावलं. "बाई, नोकरीवरून काढल्याचं मी नेमकं कुठे बोललो?"

"बोललाच नाहीत."

"तेच म्हटलं मी," काका म्हणाले आणि दुसरा पेढा उचलला. बबन अजून आमच्याकडेच आहे.

* * *

कल्याणच्या नेन्यांचं मात्र कोणी ऐकलं तर खोटं वाटेल.

नेने चकली-चिवड्याचे कारखानदार. वयाने काकांएवढेच आणि दुर्दैवाने स्वभावानेही. एकदा त्यांनी आमच्याकडून बॉक्स घेतले. काकांनी आभाराचं मेल केलं. नेन्यांनी त्या आभारांबद्दल आभार मानले. काकांनी, एवढ्या कामातून वेळ काढून उत्तर दिल्याबद्दल मानले. नेन्यांनी त्या उत्तराची दखल घेतल्याबद्दल. दोघांपैकी शेवटचा शब्द कोणाला सोडवेना, कारण ज्याने सोडला तो कृतघ्न ठरणार.

तिकडे हे सगळं टाइप करणारी ठाकूर म्हणून एक मुलगी होती. आम्ही दोघींनी फोनवर तह करायचं ठरवलं.

"मॅडम, तुमच्या साइडने थांबवा ना प्लीज," ती म्हणाली. "आमचे सर ऐकत नाहीत."

"अगं, तुम्ही गिऱ्हाईक आहात. आम्ही कसं थांबवणार? तूच एखादं मेल दाबून ठेव."

तिने दाबलं. दोन दिवसांत काकांचं मेल गेलं, आपली प्रकृती बरी आहे ना म्हणून. झालं, त्या चौकशीबद्दल पुन्हा आभार.

हे असं होळीपासून गणपतीपर्यंत चाललं. शेवटी नेने स्वतःच शहाडला आले, काकांना मिठी मारली आणि आम्हा सगळ्यांसाठी आणलेल्या चकल्या टेबलावर ठेवल्या. बॉक्स सुंदर होता, सोनेरी कडा वगैरे. मी सवयीने उलटा करून बघितला. आमचा नव्हताच.

"नेने साहेब, हे बॉक्स कोणाकडून घेतलेत?"

नेने जरा ओशाळले. "मालाडच्या एकांकडून घ्यायला लागलो. काय आहे, इतका सुंदर पत्रव्यवहार चालला होता, त्यात मध्येच बॉक्सचं काढणं मला बरं दिसेना."

काकांना हे पटलं. पटलं म्हणजे काय, त्यांनी मान डोलावली. मला त्या दिवशी चकली गिळवेना.

* * *

हा आजार मालकापुरता राहिला असता तरी चाललं असतं. पण तो पाटलांना लागला. पाटील जवळच्याच गावातले, आगरी, अंगाने पैलवान, एरवी दिवसाला मोजून चार शब्द बोलणारे.

एक दिवस सकाळी पाटील वहिनींचा मला फोन. "मॅडम, यांना तिथं काय झालंय का?"

"का हो?"

"काल जेवताना मला थँक्यू बोलले."

"मग चांगलंच की."

"काय चांगलं? लग्नाला वीस वर्षं झाली, कधी बोलले नाय. काय तरी लपवतात. मी भावाला बोलवलाय."

भाऊ आला. पाटलांना समोर बसवून अगदी समजुतीने म्हणाला, "दाजी, घाबरू नका. किती हरलात तेवढं सांगा."

पाटील शपथा घेऊ लागले तसा संशय वाढला. शेवटी प्रकरण मिटवायला पाटलांनी आमटीला मीठ जास्त झालंय म्हणून आरडाओरडा केला. मग कुठे घरातल्यांच्या जिवात जीव आला. वहिनींनी मला फोन करून सांगितलं, "उतरलं बघा."

* * *

तर आता तुम्हीच सांगा, असल्या माणसाला घेऊन मी निहारसमोर कशी जाऊ?

आदल्या दिवशी मी काकांची प्रॅक्टिस घेतली. मी निहार झाले. म्हटलं, "या, बसा."

"बसायला सांगितल्याबद्दल..."

"काका."

पुन्हा केलं. या वेळी काका बोलले नाहीत, पण हात जोडले. म्हटलं, हातही नाही. हात खिशात. पाटील मशीनवरून बघत होते. त्यांना सगळं माहीत होतं. मुलीच्या क्लासचं त्यांनी त्याच आठवड्यात ठरवलं होतं, आणि तरी ते नेहमीसारखे पुठ्ठे लावत होते, हे मला बघवत नव्हतं. काकांनाही बघवलं नसावं. म्हणाले, "बाई, पाटलांसाठी म्हणून एक तास गप्प बसतो. शब्द देतो."

दुसऱ्या दिवशी बबनच्या टेम्पोतून निघालो. माजिवड्याला नेहमीसारखं ट्रॅफिक. बबन एका झाडाकडे बघत होता, पण मी शेजारीच बसले होते.

निहारचं ऑफिस वरच्या मजल्यावर, सगळं काचेचं. निहार तिशीतला, चटपटीत. म्हणाला, "या काका, बसा."

काका बसले. हात खिशात, तोंड बंद.

शिपायाने पाणी आणलं. पाणी घेतलं असतं तर त्याचे आभार मानावे लागले असते, म्हणून काकांनी ग्लासला हातच लावला नाही. निहारने ते बघितलं. चहा आला. काकांनी त्याच्याकडेही पाठ फिरवली. निहार खुर्चीत जरा सावरून बसला.

"काका, सीधी बात करतो. दुसरी पार्टी तुमच्यापेक्षा कमी रेट देतेय. मॅच करणार असाल तर बोला."

आता काकांचा नियम असा की कोणी स्पष्ट बोललं की त्याचे आभार पहिले. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, तोंड मिटलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

निहारने पेन उघडलं, बंद केलं.

"ठीक आहे, एकदम मॅच नका करू. थोडं तर खाली या."

काकांनी डोळे मिटले. एवढी सवलत कोणी आपणहून दिलेली, आणि आभार मानायचे नाहीत! त्यांच्या कपाळावरची शीर उडत होती. निहारला वाटलं, म्हातारा भडकला.

"बरं, गेल्या वर्षीचाच रेट. आता तर ओके?"

काकांच्या घशातून एक आवाज आला. मला माहीत होतं तो 'आ' होता. मी टेबलाखालून त्यांच्या बुटावर पाय दिला. काका कळवळून ताडकन उभे राहिले.

"अरे काका, बसा ना, प्लीज!" निहारही उभा राहिला. "ट्रान्सपोर्ट आमचं. आणि वर्षभराची ऑर्डर देतो, फक्त दिवाळीची नाही. मॅडम, तुम्ही तरी सांगा ना त्यांना."

मी अगदी शांतपणे म्हटलं, "मी समजावते त्यांना. तुम्ही तोवर लेटर काढा."

लेटर निघालं, सही झाली. मी ते पर्समध्ये टाकलं, काकांचा दंड धरला आणि लिफ्टकडे जवळजवळ ओढतच नेलं. काकांचा चेहरा लालबुंद, गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी. वर्षभराची ऑर्डर. पाटलांचं मशीन चालू. मला तिथेच रडू येईल असं वाटत होतं. लिफ्ट आली, आम्ही आत शिरलो आणि मी तळमजल्याचं बटण दाबलं.

तेवढ्यात काचेचं दार ढकलून निहार धावत बाहेर आला. टाय सरळ करत, अगदी नम्रपणे वाकून म्हणाला, "काका, आलात त्याबद्दल थँक्यू हां."

लिफ्टचं दार बंद होत होतं. काकांनी मध्ये पाय घातला.