गंजकं ब्लेड

काल शिवणाच्या डब्यात गंजकं ब्लेड सापडलं आणि ठाण्याच्या शाळेतली खाऱ्या वाऱ्याची दुपार आठवली. विज्ञानाच्या मास्तरांनी लष्करी भंगारातल्या सुट्या भागांच्या पुरचुंड्या वाटल्या. म्हणाले, "यातून रेडिओ करा. मुलींचा बोलला, तर त्याही प्रयोगशाळेत बसतील, नाहीतर शिवणवर्ग." आम्हा मुलींच्या पुरचुंडीत लहरी पकडणाऱ्या स्फटिकाऐवजी गंजकं ब्लेड निघालं. "दाढी करणार का गं?" मुलं हसली. मैत्रिणीनं तारेला पेन्सिलीचं शिसं बांधलं आणि त्याचं टोक गंजावरून सरकवत राहिली. अचानक गंजानंच स्फटिकाचं काम केलं आणि इअरफोनमध्ये कुणीतरी कापसाचे भाव वाचू लागलं. मुलं ऐकायला धावली. "रांगेत या रे," ती म्हणाली. वडील वाटत त्या चळवळीच्या पत्रकांत मी समान हक्क नुसते वाचले होते. ऐकले त्या दिवशी. हे ब्लेड काही ते नव्हे, तरी फेकवलं नाही.